शब्दचर्चा : नेपथ्य

जिज्ञासू
संस्कृत नाटकांच्या मराठी भाषांतरांत कंसात ‘(नेपथ्ये)’ असं येतं आणि लगेच एखादं न दिसणारं पात्र बोलू लागतं. आपल्या नाटकांच्या जाहिरातीत मात्र ‘नेपथ्य’ या शब्दापुढे सेट करणाऱ्याचं नाव असतं. वर्तमानपत्रात एखादा पुढारी ‘नेपथ्यात गेला’ म्हणजे लोकांच्या नजरेआड झाला. सेट तर पडदा उघडल्याबरोबर डोळ्यांत भरतो. दिसणारं आणि न दिसणारं, दोन्हींना एकच शब्द कसा? आणि आज भाषांतर करायचं तर ‘नेपथ्ये’ला काय लिहावं?

पोथीवाचक
संस्कृतातच दोन अर्थ आहेत. एक, नटाने चढवलेला साज. दोन, तो साज जिथे चढवतात ती पडद्यामागची जागा. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत दोन्ही शेजारी शेजारी सापडतात. सूत्रधार ‘नेपथ्याभिमुखमवलोक्य’, म्हणजे पडद्यामागच्या खोलीकडे पाहून, नटीला म्हणतो: ‘आर्ये, यदि नेपथ्यविधानमवसितम्, इतस्तावदागम्यताम्।’ नटून झालं असेल तर इकडे ये. रंगसूचनेत नेपथ्य ही जागा, संवादात नेपथ्य म्हणजे नटणं.

निव्वळ साज हा अर्थ कालिदासाच्याच ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात स्वच्छ दिसतो. नृत्याचार्यांचा वाद सोडवायला बसलेली परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, अट घालते, पात्रं ‘विरलनेपथ्य’ असावीत. म्हणजे अंगावर बेताचे कपडे-दागिने, अवयवांची हालचाल झाकली जाणार नाही इतकेच. इथे ‘विरळ सेट’ असा अर्थ घेतला तर वाक्याचा बट्ट्याबोळ होईल.

जागेचं माप भरतमुनीच्या ‘नाट्यशास्त्र’ ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. मध्यम आकाराचं विकृष्ट, म्हणजे लांबट, नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. पुढचा ३२ हातांचा चौक प्रेक्षकांचा. मागच्या चौकाचे पुन्हा दोन भाग करायचे आणि अगदी पाठीमागचा १६ हात खोलीचा पट्टा नेपथ्यगृहाला द्यायचा. एकूण इमारतीचा पाव भाग! त्यातून रंगभूमीवर यायला दोन दारं. ‘नेपथ्ये’ ही त्या शब्दाची सप्तमी, म्हणजे ‘त्या खोलीत’.

तिसरी घंटा
मग मराठीने शब्द चुकीचा वापरला, असं सरळ म्हणायला हवं. साजाला आपण वेशभूषा आणि रंगभूषा म्हणतो, खोलीला रंगपट म्हणतो. उरलेला ‘नेपथ्य’ हा शब्द भलत्याच गोष्टीला चिकटवला. हिंदीत अजून ‘नेपथ्य में’ म्हणजे पडद्यामागेच, आणि सेटला मंच-सज्जा.

पोथीवाचक
चुकीचा म्हणण्याआधी नाट्यशास्त्रातला आहार्याभिनयाचा, म्हणजे वेश, रंग आणि वस्तूंनी साधायच्या अभिनयाचा, अध्याय पाहावा (काही आवृत्त्यांत तो २१वा, काहींत २३वा). भरत नेपथ्याचे चार प्रकार सांगतो: पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सजीव. अलंकारात हार, दागिने, वस्त्रं. अंगरचना म्हणजे अंगाला रंग लावणं. सजीव म्हणजे रंगभूमीवर येणारे प्राणी. आणि पुस्त म्हणजे डोंगर, रथ, विमान, ढाली, ध्वज अशा बनवलेल्या वस्तू. त्यांच्या रचनेचेही प्रकार दिलेत: चटई, कातडं, कापड जोडून केलेलं संधिम, यंत्राने हलणारं व्याजिम, गुंडाळून, मढवून केलेलं वेष्टिम.

म्हणजे मराठी श्रेयनामावलीतल्या नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा या तीन ओळी आणि शिवाय ज्याला नाटकवाले ‘प्रॉपर्टी’ म्हणतात ते सगळं, हे भरताच्या एकाच शब्दात मावतं. मराठीने अलंकाराला आणि अंगरचनेला वेगळी नावं दिली. पुस्ताला वेगळं नाव मिळालं नाही, म्हणून मूळचा मोठा शब्द त्याच्याकडेच राहिला. मला ही चूक वाटत नाही, वाटणी वाटते. रंगवलेल्या पडद्यांच्या काळात राजवाडा, अरण्य, रस्ता यांना ‘पडदे’ म्हणून भागत होतं. फ्लॅट (उभ्या चौकटीच्या भिंती), लेव्हल (उंचवटे), दारं-खिडक्या असलेली रचना आली तेव्हा तिच्या कर्त्याला छापील नाव हवं झालं असणार. तालमीत आजही सगळे ‘सेट’च म्हणतात, ‘नेपथ्य’ छापण्याचा शब्द आहे.

रंगपट
याला परदेशातला जोड आहे. ग्रीक नाट्यगृहात ‘स्केने’ म्हणजे मूळात तंबू किंवा खोपटं: खेळाच्या जागेमागची, नटांनी मुखवटे-कपडे बदलायची जागा. पुढे तिचीच दर्शनी भिंत राजवाडा म्हणून वापरात आली. त्याच शब्दातून ‘सीन’ आणि आपली ‘सीनसिनरी’ निघाली. कपडे बदलायच्या खोलीचं नाव देखाव्याला मिळणं हा प्रवास दोन भाषांत स्वतंत्रपणे झाला, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

आता ‘नेपथ्ये’च्या कामाकडे. ती नुसती सोय नाही, तंत्र आहे. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाट्यविषयक संस्कृत ग्रंथात न दाखवता सुचवण्याचे पाच मार्ग आहेत: विष्कंभक, प्रवेशक, चूलिका, अंकास्य, अंकावतार. त्यातली चूलिका म्हणजेच पडद्याआडच्या पात्राने दिलेली सूचना. शाकुंतलाच्या चौथ्या अंकाच्या सुरुवातीचा प्रसंग याचा सर्वांत मोठा दाखला म्हणून घ्यावा. अनसूया आणि प्रियंवदा फुलं वेचताहेत. आतून आवाज: ‘अयमहं भोः।’ अनसूया म्हणते, पाहुणा आल्यासारखं वाटतंय. प्रियंवदा म्हणते, शकुंतला आहे की कुटीजवळ. आणि लगेच स्वतःशी, पण आज मनाने ती तिथे नाही. मग शाप. दुर्वास अख्ख्या नाटकात दिसत नाही. आणि हे सहसा निसटतं: त्या क्षणी शकुंतलाही दिसत नाही. शाप देणारा आड, शाप लागणारी आड. समोर फक्त दोन मैत्रिणी. तिला शाप ऐकूच येत नाही, त्या दोघींना येतो, आपल्याला येतो. पुढे पाचव्या अंकात दुष्यंत ओळख नाकारतो तेव्हा प्रेक्षकाला कारण माहीत असतं आणि रंगभूमीवरच्या कुणालाही नसतं, ते याच रचनेमुळे. दुर्वासाला जटा-दंडासह समोर आणून उभं केलं की शकुंतलेलाही दाखवावं लागतं, आणि मग समोर शाप देणारा ऋषी असताना तिला तो ऐकू कसा आला नाही, हा प्रश्न प्रेक्षकाला पडतोच.

तिसरी घंटा
पुस्ताचा मुद्दा मान्य. ‘चुकीचा’ हा शब्द मागे. ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकाची सुरुवातही यात धरावी. सूत्रधार चंद्रग्रहणाबद्दल बोलतोय आणि आतून चाणक्य गरजतो, मी असताना चंद्राला ग्रासू पाहणारा हा कोण? त्याला चंद्र म्हणजे चंद्रगुप्तच ऐकू येतो. माणूस दिसायच्या आधी त्याचा संशयी, सतत जागा स्वभाव आवाजातून कळतो.

विंगेतून
भाषांतरात काय लिहावं, हा प्रश्न तसाच राहिलाय. ‘नेपथ्यात’ लिहू नये. आजचा वाचक ‘सेटमध्ये’ असं वाचेल. ‘नेपथ्यातून’ वाचनापुरतं चालतं. प्रयोगाच्या संहितेत तेही अपुरं, कारण आवाज कुठून आणि कसा, हे त्यातून कळत नाही. ‘(पडद्याआडून)’ हे वाचकासाठी उत्तम. प्रयोगासाठी ‘(डाव्या विंगेतून)’ असं बाजूसकट लिहावं आणि डावी म्हणजे नटाची की प्रेक्षकाची, हे संहितेच्या सुरुवातीला एकदा ठरवून टाकावं.

दुर्वासाचा आवाज कुटीच्या बाजूनेच यायला हवा, आणि प्रियंवदा त्याला शांत करायला जाते तीही त्याच बाजूने. हा आवाज ध्वनिमुद्रित करून प्रेक्षागृहाच्या स्पीकरमधून सोडला की तो आकाशवाणी होतो: दिशा जाते, मैत्रिणींनी मान कुठे वळवायची ते कळत नाही. जिवंत आवाज द्यायचा तर नटाने विंगेच्या तोंडाशी, पण प्रेक्षकांच्या नजरेच्या रेषेबाहेर उभं राहावं आणि तोंड रंगमंचाकडे ठेवावं. फ्लॅटच्या मागे गेला की व्यंजनं बुडतात आणि शापाचे शब्द कळत नाहीत. इथे शब्द कळले नाहीत तर पुढचं नाटकच कळत नाही. शापाच्या श्लोकावर पार्श्वसंगीत नको. नंतर अनसूयेच्या हातून फुलांची परडी पडते, तो आवाज ऐकू येईल इतकी शांतता ठेवावी.

जिज्ञासू
एक पुरवणी प्रश्न. १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांची रांग हाच पडदा आणि तीच भिंत. भरताच्या चार प्रकारांत ती कुठे बसेल? सजीवात?

पोथीवाचक
नाही. सजीवाची व्याख्या प्राण्यांच्या प्रवेशाची आहे. शिवाय ती भिंत बनवलेली नाही, ती नटांच्या अंगाने, चालीने, झुलण्याने होते. म्हणून ती आहार्यात येतच नाही, आंगिक अभिनयात येते. ती भिंत पाठ फिरवते, गाते, पुन्हा माणसं होते. लाकूड-कापडाचं पुस्त यातलं काही करू शकत नाही. श्रेयनामावलीत तिचं मोल ‘नेपथ्य’ या ओळीत शोधू नये, दिग्दर्शन आणि नृत्यरचनेच्या ओळीत शोधावं.

रंगपट
आणि लिहिताना ‘नैपथ्य’ नको, ‘नेपथ्य’. आमंत्रणपत्रिकांवर ही चूक फार दिसते.