मदत हवी आहे: फिजिक्ससाठी वेगळं कार्ड टाकू का? लवकर सांगा

दारव्हा_गेमर
राम राम मंडळी. नवीन पीसी घेतला तरी गेम अडकून रायला. दुकानदार म्हणते फिजिक्सचं वेगळं कार्ड टाक, साडेसहा हजारात बसवून देतो. टाकू का नाई एवढंच सांगा. रविवारी यवतमाळले जाऊन रायलो, त्याच्या आधी उत्तर पायजे.

पैनगंगा_काठ
कोणता गेम? कोणतं ग्राफिक्स कार्ड? दुकानदार कोणतं कार्ड देतो म्हणतो? यातलं एकही लिहिलं नाही भाऊ, उत्तर कशावर द्यायचं?

जुना_सोल्डर
फिजिक्स कार्ड म्हटल्यावर 2006 आठवलं. एजिया नावाच्या कंपनीनं फिजएक्स कार्ड काढलं होतं, 128 एमबी मेमरी, साध्या पीसीआय स्लॉटमधलं. स्फोटाचे तुकडे, कापड, धूर यांचा हिशोब ते कार्ड करायचं. कल्पना चांगली होती. नागपूरला सीताबर्डीत जुन्या मालात शोधलं तर मिळेलही.

सर्किट_वर्धा
काका, त्याला ते शोधायला पाठवू नका. फेब्रुवारी 2008 मध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं एजिया विकत घेतली आणि तेच काम आपल्या जीफोर्स ग्राफिक्स कार्डावर आणलं. जुन्या कार्डाचा आज काही उपयोग नाही, आणि तो पीसीआय स्लॉट आताच्या बहुतेक बोर्डांवर नसतोच.

जुना_सोल्डर
मी घ्या म्हणालो नाही, माहिती दिली. वेगळ्या कार्डाची गोष्ट तिथूनच सुरू झाली, हे नव्या पोरांना कळलं पाहिजे.

तूर_आणि_टेक
माझं ऐक, पीसीच्या भानगडीतच पडू नको. लॅपटॉप घे. माझ्या पुतण्याला पॉलिटेक्निकसाठी घेतला, लाइट गेली तरी दोन-तीन तास काम चालते. खेड्यात पीसी म्हणजे इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, सगळाच खर्च.

दारव्हा_गेमर
लॅपटॉपचं मी इचारलंच नाई दादा. पीसी घेऊन झाला.
कार्ड आरटीएक्स 5060 हाय, आय5 12400एफ, 16 जीबी रॅम, एच610 बोर्ड. गेम बॉर्डरलँड्स 2. बाकी नवे गेम मक्खन चालतात, ह्याच एकात गोळीबार सुरू झाला का स्लो मोशन होते. 2012 चा गेम आन् नव्या कार्डावर अडकते, हे काहून?

पैनगंगा_काठ
हे आधी लिहिलं असतं तर पहिल्याच उत्तरात काम झालं असतं.

बॉर्डरलँड्स 2 हा 32 बिटचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा गेम आहे. त्यातला फिजएक्स 32 बिट कुडावर (ग्राफिक्स कार्डाकडून हिशोब करून घ्यायची एनव्हिडियाची सोय) चालतो, आणि तुझ्या 5060 सारख्या 50 मालिकेच्या कार्डांमधून एनव्हिडियानं 32 बिट कुडा काढून टाकलं. म्हणून तो सगळा हिशोब सीपीयूवर पडतो. त्या काळचा फिजएक्स सीपीयूवर मुळातच मंद, जुन्या धाटणीच्या सूचनांवर लिहिलेला आणि बहुतेक एकाच कोअरवर राबणारा. तुझा आय5 कितीही चांगला असला तरी बाकीचे कोअर बघत बसतात. ऍसिडचे थेंब उडाले, कापड फाटलं, दगडाचे तुकडे पडले की फ्रेम कोसळतात. मॅफिया 2, बॅटमॅन आर्कहॅम सिटी, मिरर्स एज, मेट्रो 2033 यांनाही हेच दुखणं होतं.

आता दोन गोष्टी सांग. गेमच्या सेटिंगमध्ये फिजएक्स इफेक्ट्स हायवर आहे का? आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) कोणता?

विदर्भ_रिग
सोपा उपाय सांगतो. जीटी 710 घे, जुनं, हजार-बाराशेत मिळून जाते. झोटॅकचं एक तर छोट्या एक्स1 स्लॉटात बसते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्स त्याच्यावर टाकून दे. मी स्वतः असंच केलं होतं, जीटीएक्स 970 सोबत.

सर्किट_वर्धा
970 सोबत चाललं असेल, 5060 सोबत नाही चालणार. जीटी 710 केप्लर पिढीचं. त्या पिढीसाठी ड्रायव्हर 470 मालिकेवर थांबला, आणि 5060 ला तो ड्रायव्हर ओळखतच नाही. विंडोजमध्ये एनव्हिडियाचे दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. दोन्ही कार्डं एकाच ड्रायव्हरमध्ये बसली पाहिजेत, ही पहिली अट.

विदर्भ_रिग
मग जीटी 1030 घ्या. 30 वॅटचं कार्ड, वेगळी केबल लागत नाही.

सर्किट_वर्धा
1030 पास्कल पिढीचं. 580 मालिकेच्या ड्रायव्हरपर्यंत ठीक, पुढच्या 590 मधून पास्कल बाहेर गेलं. म्हणजे 1030 टाकलं की 5060 लाही जुन्याच ड्रायव्हरवर अडकवून ठेवावं लागेल. एका जुन्या गेमपायी नव्या कार्डाच्या पायात दोर कशाला बांधायचा?

विदर्भ_रिग
तुम्ही सगळ्यालाच नाही म्हणता. मी हातानं करून पाहिलेलं सांगतो आहे.

सर्किट_वर्धा
तुमच्या पीसीवर चाललं हे मला मान्य आहे. पण त्याचे साडेसहा हजार जाणार आहेत, म्हणून बोललो. आणि एच610 वर लांब स्लॉट बहुधा एकच असतो, त्यात 5060 बसलेलं. 1030 ची पट्टी एक्स4 ची, ती बंद तोंडाच्या एक्स1 स्लॉटात शिरणार नाही. दारव्हावाले भाऊ, झाकण उघडून स्लॉट मोजा बरं.

दारव्हा_गेमर
दुकानदार जीटी 1030 च म्हणून रायला होता.
झाकण उघडलं. एक लांब स्लॉट, एक छोटा. छोट्याचं तोंड बंद हाय.
फिजएक्स हायवर हाय. ड्रायव्हर दुकानातच टाकून देला होता, 576 का काहीतरी. मंग बदलला नाई. माह्याकडे मोबाइलचाच नेट, रोजचा दीड जीबी, त्यात घरच्यांचं बी चालते.

पैनगंगा_काठ
सापडलं. डिसेंबर 2025 मध्ये 591.44 ड्रायव्हर आला, त्यात 50 मालिकेवर निवडक जुन्या गेमसाठी 32 बिट फिजएक्स परत आणलं आहे. बॉर्डरलँड्स 2 त्या यादीत आहे. एक पैसा खर्च न करता काम होईल. तो किंवा त्यानंतरचा ड्रायव्हर घे. फाइल मोठी असते, तालुक्याला कोणाकडे वायफाय असेल तर पेनड्राइव्हवर आण.

वऱ्हाडी_वायरमन
गेमचं मले कळत नाई, लाइटचं कळते. एसएमपीएस (पीसीले लाइट पुरवनारा डब्बा) कोन्ता हाय ते कोनीच इचारलं नाई. आपल्याकडं संध्याकाळी डीपीवर मोटारी चालू झाल्या का होल्टेज 160-170 वर येते. फक्त 200 ते 240 वर चालनारा स्वस्तातला डब्बा असन तं पीसी बंद पडते, नाई तं अडकल्यासारखा वागते. 100 ते 240 लिहिलेला पायजे. दुसरं, घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असन तं चांगले एसएमपीएस त्याच्यावर कुरकुरतात, साइन वेव्हचाच पायजे.

पैनगंगा_काठ
दादा, सल्ला चांगला आहे, पण याचा पीसी एकाच गेममध्ये अडकतो. होल्टेजचं कारण असतं तर सगळ्याच गेममध्ये त्रास झाला असता.

वऱ्हाडी_वायरमन
आज नाई तं उद्या होईन. माह्या गावात एका पोराचा बोर्ड जळाला, म्हनून सांगतो.

कापूस_आणि_कोअर
अन कुलरसमोर पीसी ठेवू नका कोणी. मे महिन्यात 45 च्या वर पारा गेला की सगळे कुलरच्या धारेत ठेवतात. ओली हवा न धूळ मिळून फॅनवर चिखल बसते. जिनिंगजवळ घर असलं तर कापसाचा भुस्सा वेगळाच. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा.

तूर_आणि_टेक
म्हणूनच लॅपटॉप म्हटलं होतं.

जुना_सोल्डर
मूळ प्रश्नाचं उत्तर नीट लिहून ठेवतो, पुढे कोणी शोधत आलं तर उपयोगी पडेल. आजच्या गेममध्ये फिजिक्सचं काम बहुतेक सीपीयूच करतो. गेममधलं फिजिक्स सांभाळणारं सॉफ्टवेअर, मग ते हॅवॉक असो की अनरियल 5 मधलं केऑस, ते दुसऱ्या कार्डाकडे बघतही नाहीत. तेव्हा वेगळ्या कार्डाचा उपयोग 2008 ते 2013 च्या आसपासच्या मोजक्या फिजएक्स गेमपुरता. ज्याच्याकडे 50 मालिका आहे, गेम त्या यादीत नाही आणि बोर्डावर रिकामा लांब स्लॉट आहे, त्यानं जीटीएक्स 1650 सारखं ट्युरिंग पिढीचं कार्ड पाहावं, त्याला नवा ड्रायव्हर चालतो. यापलीकडे कोणालाही वेगळं कार्ड घ्या असं मी सांगणार नाही. एजियाची कल्पना मला आवडायची, तरीही.

दारव्हा_गेमर
दारव्ह्याच्या मित्राकडून ड्रायव्हर आनला, टाकला. कंट्रोल पॅनेलात सेट फिजएक्समध्ये 5060 निवडलं. फिजएक्स हायवरच ठेवून काल रात्री खेळलो, गोळीबारात अडकला नाई. ऍसिड जमिनीवर वाहते तेही दिसून रायलं, आधी तेवढ्यातच स्लो व्हायचा. पैनगंगावाले दादा, सर्किट भाऊ, लय आभार. कार्ड घेत नाई, दुकानदाराले फोन करून सांगून देलं.
वायरमन दादा, एसएमपीएसवर 200 ते 240 च लिहून हाय. तो बदलू का स्टॅबिलायझर लावू? अन स्टॅबिलायझर किती केव्हीएचा?

वऱ्हाडी_वायरमन
पयले एसएमपीएस बदल, 100 ते 240 वाला, 550 वॅटचा, ब्रँडेड. स्टॅबिलायझर त्याच्या नंतर. मॉनिटर धरून 1 केव्हीए पुरते. पेटीवर किती होल्टपासून काम करते ते वाचून घेजो, 140 पासूनचा पायजे. अन घरची अर्थिंग पाहून घे, खड्ड्यात पानी टाकलं होतं का उन्हाळ्यात?

दारव्हा_गेमर
अर्थिंगचा खड्डा कुठीसा हाय तेच बाबांले इचारा लागन. सकाळी सांगतो.