कासच्या फुलांसाठी कॅमेरा, बजेट ५०,०००, सल्ला हवा

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. मुक्काम सातारा. कासचा हंगाम तोंडावर आलाय. सोनकी-तेरड्याचे गालिचे मोबाईलवर बरे येतात, पण सीतेच्या आसवांसारखं नखाएवढं फूल जवळून घ्यायला गेलं की मोबाईल मागच्या गवताला फोकस धरतो. पहिलाच कॅमेरा. ५०,००० म्हणजे कार्ड-बॅगेसकट ५०,०००. पक्षी नकोत, व्हिडिओ नको. नवा घ्यावा की वापरलेला?

मिरज_जंक्शन
कॅनन आर ५०, डोळे झाकून. माझ्याकडे तोच आहे. स्क्रीन बाहेर निघून हवी तशी फिरते, बोट लावलं की फोकस. त्यावर आरएफ ३५ मिमी मॅक्रो (अगदी जवळून फोटो घ्यायची लेन्स) घ्या, विषय संपला. बजेटच्या थोडं वर जाईल, पण कॅमेरा काय रोज घेतो का माणूस?

कृष्णाकाठ
थोडं? बॉडी (नुसता कॅमेरा), सोबत येणारी किट लेन्स आणि वर ३५ मॅक्रो, बेरीज करून बघा की ओ एकदा. शिवाय ते ३५ अर्ध्या पटीचंच मॅक्रो आहे, म्हणजे फूल सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) निम्म्याच मापाचं पडतं, आणि फुलाच्या इतकं जवळ जावं लागतं की लेन्सचीच सावली फुलावर.

मायणीचा_रोहित
निकॉन झेड ५० बघा. हातात पकड एक नंबर. आणि आत्ताच १५०-६०० लेन्सची सोय करून ठेवा, हिवाळ्यात मायणीला पक्ष्यांसाठी लागेलच.

शाहूपुरीकर
दादा, पक्षी नकोत लिहिलंय वर.

मायणीचा_रोहित
सगळे सुरुवातीला असंच म्हणतात.

काचेमागे
फुलांसाठी बॉडीवर पैसे घालू नका. तीन गोष्टी बघा: लेन्स किती जवळचं धरते, स्क्रीन वळते का, आणि पावसात काय करणार.

वापरलेला कॅनन २०० डी मार्क २ (२०१९ चं मॉडेल, फिरती टच स्क्रीन) आणि ५५-२५० एसटीएम लेन्स घ्या. पुढे रेनॉक्स डीसीआर-२५० हे क्लिपचं भिंग लावायचं. हे +८ पॉवरचं आहे. लेन्सचा फोकस अनंतावर (अगदी लांबवर) असताना फूल भिंगापासून साधारण साडेबारा सेंमीवर स्पष्ट दिसतं. झूम १२५ वर फूल सेन्सरवर आहे त्या मापाचं पडतं, २५० वर दुप्पट. झूम फार कमी केली तर कोपरे काळे पडतात. सगळं तुमच्या बजेटात बसेल.

फोटो काढताना लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/११ ठेवा. तरीही जेमतेम मिलिमीटरभर जाडी स्पष्ट येते, म्हणून लेन्सची फोकस रिंग फिरवत बसू नका. कॅमेराच केसभर पुढेमागे करत पाच-सहा फोटो घ्या. छिद्र आणखी बारीक करून एफ/२२ ला जाल तर सगळंच मऊ पडतं. पठारावर वारा थांबत नाही, शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद करू नका, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) १६०० झाला तर होऊ द्या.

सांगलीची_हळद
+१ काचेमागे. मीही रेनॉक्सच म्हणणार होते. कॅनन १५०० डी मात्र घेऊ नका, स्वस्त दिसतो म्हणून लोक फसतात. स्क्रीन वळत नाही आणि स्क्रीनवर बघून फोकस केला तर ढिम्म हलत नाही.

मिरज_जंक्शन
वापरलेलं घ्यायचं म्हणजे बुरशीला आमंत्रण. आर ५० च घ्या.

काचेमागे
बुरशी बघून घेता येते. लेन्स काढून मागून मोबाईलचा टॉर्च मारा, पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर परत द्या. एखाद-दुसरा धुळीचा कण चालतो.

सेन्सरसाठी: एफ/२२, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो. काळे ठिपके म्हणजे धूळ, ती निघते. मग टोपण लावून आठ-दहा सेकंदांचा फोटो. लाल-निळे चमकणारे ठिपके मोजके असतील तर ठीक. शेवटी ऐक्य किंवा पुढारीचं पान भिंतीला सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समोर, स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर, एफ/५.६. चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी दिसली पाहिजेत. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स पडलेली समजा. नव्या लेन्सलाही हे करा, बदलून मिळायची मुदत संपायच्या आत.

सांगलीची_हळद
अवांतर: बुरशी कॅमेरा जुना म्हणून लागत नाही, आपण तो बॅगेत ठेवतो म्हणून लागते. साताऱ्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवणं म्हणजे कल्याणच. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत. निळं जेल गुलाबी झालं की गरम करून पुन्हा वापरा. आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढू नका, काचेवर दव धरतं. बॅगेतच अर्धा तास राहू द्या.

यवतेश्वर_घाट
कॅमेरा घ्या नाहीतर घेऊ नका, पायवाट सोडून फुलांत लोळू नका म्हणजे झालं. एका फोटोसाठी हातभर जागा तुडवतात लोक.

कृष्णाकाठ
म्हणूनच फिरती स्क्रीन. वाटेवर बसून कॅमेरा जमिनीलगत धरता येतो. खाली थर्माकोलच्या मण्यांची पिशवी ठेवा, ओली झाली तरी जड होत नाही.

यवतेश्वर_घाट
पिशवीपण वाटेवरच ठेवा.

मिरज_जंक्शन
लेन्सपुढे लावायचा पोलरायझर फिल्टर घ्या. ओल्या पानांवरची चमक जाते.

काचेमागे
जाते, पण दीड-दोन स्टॉप उजेडही जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). धुक्यात शटर १/१२५ वर येईल. गालिच्यांच्या फोटोला ठीक, जवळच्या फुलांना नको.

शाहूपुरीकर
सर्वांचे आभार. शेवटी कॅनन आर १०० किट लेन्ससकट नवा घेतला. पक्कं बिल आहे, गॅरंटी कार्ड आहे, बॉडीवरचा आणि खोक्यावरचा नंबर जुळवून घेतला. स्क्रीन वळत नाही आणि टचही नाही, माहीत आहे. पण कॅननच्या अ‍ॅपवर वायफायने मोबाईलच स्क्रीन होतो, कॅमेरा खाली ठेवून वरून बघता येतं. रेनॉक्स मागवलंय.

मिरज_जंक्शन
अहो, मग विचारलं कशाला?

सांगलीची_हळद
ओल्या बोटांनी मोबाईल दाद देत नाही, नॅपकिन खिशात ठेवा. वायफायने कॅमेऱ्याची बॅटरीपण लवकर उतरते. जादा एलपी-ई१७ घ्या, ओरिजिनलच. डुप्लिकेट लावली की बरेचदा कॅमेरा किती टक्के राहिली ते दाखवतच नाही.

काचेमागे
एक अडचण येणार. रेनॉक्सची क्लिप ५२ ते ६७ मिमी तोंडाच्या लेन्सवर बसते, तुमच्या १८-४५ किट लेन्सचं तोंड आहे ४९ चं. ४९-५२ ची स्टेप-अप रिंग (तोंड मोठं करणारी कडी) मागवा. बसली तरी झूम ४५ वर फूल सेन्सरवर खऱ्या मापाच्या एक तृतीयांशाच्या आसपासच पडेल, म्हणजे फ्रेममध्ये साधारण सहा सेंमी रुंदी. सीतेचं एक आसू त्यात बारीकच दिसेल, चार-पाचांचा घोस बरा येईल. पुढे कधी ५५-२१० लेन्स घेतलीत तर तिचं तोंड ५५ मिमीचं आहे, क्लिप थेट बसेल.

मायणीचा_रोहित
२१० वर मायणीत काही होत नाही बरं का.