जुन्या मॅसी १०३५ वर स्लॅशर आणि बाजूला सरकवणारा जॅक एकाच वेळी चालतील का?

प्रश्न (काटोल तालुका, जि. नागपूर)

नमस्कार. आमच्याकडे सिंगल क्लचचा जुना मॅसी फर्ग्युसन १०३५ आहे. संत्र्याची बाग ६ बाय ६ मीटरवर आहे. पावसाळ्यात दोन ओळींमधले गवत आम्ही स्लॅशरने (ट्रॅक्टरमागे जोडलेल्या, फिरत्या पात्यांच्या अवजाराने) कापतो, परंतु झाडाच्या घेराखालचे गवत तसेच राहते आणि त्यासाठी दरवर्षी मजूर शोधावे लागतात. म्हणून स्लॅशरची चौकट सरकती करून, ती जॅकच्या (तेलाच्या दाबाने ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) साहाय्याने उजवीकडे ४०० मिलिमीटर नेता व परत आणता येईल अशी रचना करण्याचा विचार आहे. या जॅकसाठी लिफ्टच्या, म्हणजे अवजार उचलणाऱ्या यंत्रणेच्या, वरच्या झाकणातून पाइप काढावा, असे एका दुकानदाराने सुचवले आहे.

दुसरी बाब अशी की, पीटीओचा (ट्रॅक्टरच्या मागून अवजाराला फिरती शक्ती देणाऱ्या शाफ्टचा) लिव्हर बंद असताना आमची लिफ्ट उचलतच नाही, आणि ओळीच्या टोकाला वळताना क्लच दाबला की स्लॅशर अर्धवट उचललेल्या स्थितीत थांबतो. हा बिघाड समजावा की रचनाच तशी आहे?

उत्तर (कृषी अभियांत्रिकीचा निवृत्त शिक्षक, नागपूर)

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. हा बिघाड नाही. या ट्रॅक्टरमध्ये लिफ्टचा पंप मागच्या हाऊसिंगच्या पोटात, थेट पीटीओच्या शाफ्टवर बसवलेला असतो. फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरांत ही रचना १९३९ च्या फोर्ड ९एन पासून चालत आलेली आहे. पीटीओ फिरला तर पंप फिरतो, पीटीओ थांबला तर पंपही थांबतो, आणि सिंगल क्लचमध्ये पेडल दाबताच चाके, पीटीओ व पंप ही तिन्ही एकदम थांबतात. उचललेले अवजार मात्र वरच राहते, कारण तेल व्हॉल्व्हमध्ये अडवलेले असते. मागे काहीही जोडलेले नसतानासुद्धा लिफ्ट हवी असेल तर पीटीओचा लिव्हर चालू ठेवावाच लागतो. अशा वेळी शाफ्टच्या टोकावर टोपी न विसरता बसवावी.

आता जॅकविषयी. लिफ्टच्या झाकणातून काढलेला पाइप आणि लिफ्टचे आतले सिलिंडर यांना एकाच पंपाचे एकाच दाबाचे तेल मिळते, आणि तेल नेहमी कमी भार असलेल्या बाजूला आधी जाते. ट्रॉलीचा हौदा या जोडणीवर व्यवस्थित उचलला जातो, कारण त्या वेळी लिफ्टवर अवजार नसते. लिफ्टचे बाहू पूर्ण वर जाऊन टेकतात किंवा साखळीने बांधलेले असतात, त्यानंतर दाब वाढतो आणि हौदा हलतो. आपल्या बाबतीत लिफ्टवर स्लॅशर असणार. जॅक सरकवण्यासाठी आपण लिव्हर वर घ्याल आणि स्लॅशर बाजूला जाण्याऐवजी गवतावरून वर उचलला जाईल. शिवाय या पंपाचे नियंत्रण त्याच्या शोषणाच्या बाजूला आहे, म्हणजे लिव्हरने मागणी केल्याशिवाय तो तेल ढकलतच नाही. त्यामुळे पुढे कितीही चांगला व्हॉल्व्ह बसवला तरी लिफ्ट स्थिर ठेवून जॅकला तेल मिळण्याची सोय होत नाही. ट्रॉलीचा जॅक एकेरी असतो, हौद्याच्या वजनाने परत येतो. आपल्याला मात्र दोन्ही बाजूंना ढकलणारा दुहेरी जॅक लागेल आणि त्याचे परतीचे तेल कुठे सोडायचे हाही प्रश्न उरेल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, जॅकसाठी स्वतंत्र छोटा गिअर पंप, स्वतंत्र टाकी आणि रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेबाहेर गेल्यास तेल सोडून देणारा) घ्यावा. ४० मिलिमीटर बोअर (आतला व्यास) आणि ४०० मिलिमीटर स्ट्रोकच्या (सरकण्याच्या अंतराच्या) जॅकला एकदा पूर्ण बाहेर येण्यास अर्धा लिटर तेल लागते. शाफ्टच्या एका फेऱ्यामागे ८ सीसी तेल देणारा पंप मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वेगाने मिनिटाला सुमारे १२ लिटर देईल, म्हणजे जॅक अडीच सेकंदांत पूर्ण बाहेर येईल. झाडाजवळ एवढा वेग मला जास्तच वाटतो. तेलाच्या मार्गात थ्रॉटल (प्रवाह आवळणारा व्हॉल्व्ह) बसवून तो कमी करावा. १०० बार दाबावर जोर सुमारे १२५० किलो मिळतो, आणि पंपाला लागणारी शक्ती जेमतेम पावणेतीन अश्वशक्ती, तीही जॅक हलत असेपर्यंतच.

उत्तर (ट्रॅक्टर मिस्त्री, हिंगणा मार्ग)

सरांचे म्हणणे बरोबर आहे. त्यात कामाच्या अंगाने थोडी भर घालतो.

स्वतंत्र पंप इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून चालवला, तर क्लच दाबल्यावरही जॅक हलतो, हा मोठा फायदा आहे. मात्र पुली थेट गिअर पंपाच्या शाफ्टवर ठोकू नये. बेल्टचा ताण पंपाच्या बुशवर येऊन काही दिवसांत सील गळू लागते. पुलीला वेगळे बेअरिंग देऊन पंप कपलिंगने जोडावा. टाकी २५ ते ३० लिटरची घ्यावी, तेल ६८ नंबरचे हायड्रोलिक वापरावे आणि परतीच्या नळीवर फिल्टर असावाच. लिफ्टच्या हाऊसिंगमधले तेल गिअरबॉक्स व डिफरन्शियलचेही असते, म्हणून बाहेरच्या नळ्यांची धूळ त्यात जाणार नाही हा आणखी एक लाभ. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात ते तेल दुधाळ झालेले पुष्कळदा दिसते. तसे असेल तर नवीन काहीही जोडण्याआधी ते बदलून घ्यावे.

डबल क्लच (चाके व पीटीओ वेगवेगळे थांबवणारा) बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर खर्चाचा पूर्ण अंदाज घेतल्याशिवाय होकार देऊ नका. केवळ प्लेट बदलून ते होत नाही, पुढचे शाफ्टही बदलावे लागतात. त्यापेक्षा पीटीओच्या टोकावर एकाच दिशेने ओढणारे फ्रीव्हील कपलिंग बसवा. सिंगल क्लचमध्ये पेडल दाबल्यावरही स्लॅशरची जड पाती फिरत राहून ट्रॅक्टरला पुढे ढकलतात, आणि झाडाच्या ओळीत ते धोक्याचे आहे. या कपलिंगमुळे लांबी वाढते, म्हणून प्रोपेलर शाफ्ट (पीटीओपासून स्लॅशरपर्यंत शक्ती नेणारा दांडा) तेवढा कापून घ्यावा; नाहीतर स्लॅशर उचलताना तो आत टेकून पीटीओच्या बेअरिंगवर दाब येईल.

उत्तर (संत्रा बागायतदार, कळमेश्वर)

एवढ्या खटाटोपाची गरज आहे का, असा माझा नम्र प्रश्न आहे. स्लॅशर आडव्या पट्टीवर बोल्टने कायमचा उजवीकडे सरकवून बसवला आणि प्रत्येक ओळीला झाडे उजव्या हाताला ठेवून फेरी घातली, तर जॅकशिवायही घेराखाली बरेच गवत कापले जाते. ट्रॅक्टर थोडा एका बाजूला ओढतो, पण चेक चेन (लिफ्टचे बाहू बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) घट्ट ठेवल्यास तो आवरता येतो. जॅक हातात आला की माणूस बुंध्याच्या अगदी जवळ जाण्याचा मोह करतो, आणि सालीला लागलेली जखम म्हणजे डिंक्याला (बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगाला) दिलेले आमंत्रण आहे. संत्र्याची अन्न घेणारी मुळे वरच्याच थरात असल्यामुळे आपण तिथे रोटाव्हेटर न घालता स्लॅशर वापरता, हे मात्र योग्यच आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. कायमची सरकवलेली जोडणी आधी करून पाहण्याचा सल्ला पटला. परंतु आमच्या बागेत मध्ये मध्ये नांग्या भरलेल्या आहेत, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावलेली आहेत, लहान झाडे एका रेषेत नाहीत, त्यामुळे चालत्या ट्रॅक्टरवरून आत-बाहेर करण्याची सोय शेवटी लागेलच असे वाटते. सर, सरकताना गिअरबॉक्सही स्लॅशरबरोबर जाणार आहे. प्रोपेलर शाफ्टला ते चालेल का?

उत्तर (कृषी अभियांत्रिकीचा निवृत्त शिक्षक, नागपूर)

हा मुद्दा मी आधीच मांडायला हवा होता, कारण खरी मर्यादा तेलाची नसून याच शाफ्टची आहे. शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसमधले (वाकणाऱ्या सांध्यांमधले) अंतर ७०० मिलिमीटर धरले आणि गिअरबॉक्स मध्यावरून ४०० मिलिमीटर बाजूला गेला, तर शाफ्टचा कोन सुमारे ३० अंशांचा होतो आणि त्याची लांबी १०० मिलिमीटरपेक्षा जास्त वाढावी लागते. पूर्ण भारावर इतक्या कोनात क्रॉस फार काळ टिकत नाहीत, आणि त्याच स्थितीत स्लॅशर उचलला तर उभा कोनही त्यात मिसळतो. हाच ४०० मिलिमीटरचा प्रवास मध्याच्या डावीकडे २०० व उजवीकडे २०० असा वाटून घेतला, तर कोन १६ अंशांच्या आसपास राहतो. बाहेरची पोहोच त्यामुळे कमी होईल. ती स्लॅशरची चौकट गिअरबॉक्सच्या उजवीकडे अधिक रुंद करून काही प्रमाणात भरून काढता येते. लिफ्टच्या लिव्हरच्या पट्टीवर अडकाठी लावून उचल मर्यादित ठेवावी आणि जॅक आत घेतल्याशिवाय स्लॅशर उचलू नये. चौकट कापण्यापूर्वी इंजिन बंद करून, दोन्ही टोकांच्या स्थितीत शाफ्टच्या नळ्या एकमेकींत किती उरतात ते प्रत्यक्ष मोजून घ्यावे.