रस्त्याकडच्या गॅलरीत कपडे वाळत घालण्यास मनाई: आपल्याकडे काय नियम आहे?

भायलीकर, वडोदरा

नमस्कार. चार महिन्यांपूर्वी आम्ही दांडिया बाजारातले जुने भाड्याचे घर सोडून भायलीतल्या एका सात मजली इमारतीत राहायला आलो. मागच्या आठवड्यात समितीने लिफ्टशेजारी सूचना लावली आहे की, रस्त्याच्या बाजूच्या गॅलरीत कोणीही कपडे वाळत घालू नयेत, त्यामुळे इमारतीच्या दर्शनी भागाची शोभा जाते, आणि असे वारंवार आढळल्यास पाचशे रुपये दंड आकारला जाईल. मागच्या बाजूला 'वॉश एरिया' म्हणून दिलेली जागा जेमतेम चार फूट रुंद आहे. ती उत्तरेला असून समोरच्या इमारतीच्या सावलीत असते, आणि धुण्याचे यंत्र ठेवल्यावर तिथे छताला टांगलेल्या एका दांडीपुरतीच जागा उरते.

माझ्या सासूबाई 76 वर्षांच्या आहेत. दांडिया बाजारात त्यांनी पन्नास वर्षे अगाशीवर कपडे वाळवले. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही वडोदऱ्याची माणसे गच्चीला अगाशीच म्हणतो.) कपडा दोनदा झटकायचा, सदरा खालच्या घेराकडून उलटा टांगायचा, चिमटा शिवणीवरच लावायचा आणि रंगीत कपड्यांची उलटी बाजू वर ठेवायची, ही त्यांची शिस्त मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे. सूचना वाचून त्या काहीच बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली लुगडी न्हाणीघरात, शॉवरच्या नळीवर चौघडी करून टाकायला सुरुवात केली. परवा त्या देवापुढे बसल्या असताना मी जवळ गेले, तेव्हा त्यांच्या अंगावरच्या लुगड्याला कुबट वास येत होता आणि ओच्याकडचा भाग अजून दमट होता. हे पाहून मला फार वाईट वाटले.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा आहे. उन्हात कपडे वाळत घालणे यात खरोखर काही अशोभनीय आहे का? सगळ्यांनी ड्रायर घ्यावेत, असे एक-दोन जण सुचवत आहेत, ते कितपत योग्य आहे? सभेत मी नेमके काय मांडावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

गोत्रीचे माजी सचिव

ताई, मी आमच्या सोसायटीचा आठ वर्षे सचिव होतो आणि असाच एक नियम माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे, म्हणून दुसरी बाजू आधी मांडतो. समितीकडे येणाऱ्या तक्रारी बहुधा शोभेच्या नसतातच. चौथ्या मजल्यावरच्या न पिळलेल्या चादरीचे पाणी तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या बटाट्याच्या वेफर्सवर ठिबकते, लांब साडी कठड्यावरून सोडल्यामुळे खालच्या घराचा उजेड अर्धा होतो, आणि कठड्याबाहेर ठोकलेल्या लोखंडी कंसांचे खिळे दोन पावसाळ्यांत गंजून सैल होतात. आमच्याकडे असा एक कंस ओल्या गोधडीच्या भाराने निखळून खाली उभ्या असलेल्या स्कूटरवर पडला. तिथे माणूस असता तर काय झाले असते, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

तथापि या तिन्ही गोष्टींसाठी 'गॅलरीत कपडे नकोत' असे सरसकट लिहिण्याची गरज नव्हती, हे मला आता पटलेले आहे. कठड्याबाहेर काहीही लटकवू नये, निथळते कपडे घालू नयेत आणि दोरी कठड्याच्या उंचीखाली, आतल्या बाजूला बांधावी, एवढे पुरेसे होते. ओला कपडा खालच्या माणसाला त्रास देतो की बघणाऱ्याला फक्त आवडत नाही, यात मोठा फरक आहे, आणि दंड लावायचाच तर तो पहिल्या कारणासाठी लावावा. सभेत आपण हा फरक आधी मान्य करून घ्या. तक्रारदारांना आपण सोबत घेतले, तर शोभेचा मुद्दा आपोआप एकटा पडेल.

वस्त्रशास्त्राची निवृत्त शिक्षिका, प्रतापगंज

मी बरीच वर्षे कापड आणि त्याची निगा हाच विषय शिकवला आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

कपडा वाळतो तो केवळ उष्णतेने नव्हे. त्याच्याभोवतीची ओलसर हवा सतत बाजूला जाऊन कोरडी हवा तिथे आली पाहिजे. म्हणून वारा असलेली सावली ही वारा नसलेल्या उन्हापेक्षा पुष्कळदा सरस ठरते. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा 42 अंशांपर्यंत जातो तेव्हा पंचा अर्ध्या तासात कडक होतो, आणि जुलैत तोच पंचा दिवसभर दमट राहतो. न्हाणीघरात वारा नाही आणि हवाही आधीच ओली, म्हणून तिथे घडी घातलेले लुगडे वाळणे जवळजवळ अशक्य आहे. आपल्या सासूबाईंच्या लुगड्याला जो वास आला तो मळाचा नव्हे. कपडा फार वेळ ओला राहिला की धुण्यातून वाचलेले जिवाणू त्यात वाढतात. जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिले की या कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा एक जिवाणू प्रामुख्याने असतो. तो वास पुन्हा धुऊनही सहज जात नाही. अशी लुगडी एकदा गरम पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवावीत.

उन्हात वाळलेल्या कपड्याला येणारा तो ताजा वास ही तर आपल्या सर्वांच्या ओळखीची गोष्ट आहे. डेन्मार्कमधल्या काही रसायनशास्त्रज्ञांनी ओले टॉवेल ऊन, सावली आणि बंद खोली अशा तीन ठिकाणी वाळवून तपासले, आणि 2020 मध्ये प्रसिद्ध केले की उन्हातल्या टॉवेलवर अल्डिहाइड आणि कीटोन प्रकारची काही सुवासिक संयुगे तयार होतात, जी इतर दोन्हीकडे तशी आढळत नाहीत. म्हणजे आजी दुलई नाकाशी धरून "उन्हाचा वास येतोय" म्हणत असे, ते अक्षरशः खरे होते.

उन्हाचे तोटेही सांगितले पाहिजेत. बांधणीचे लाल आणि गडद हिरवे रंग उन्हाने विटतात, रेशीम पिवळे पडून कमजोर होते, आणि लोकरीचे कपडे टांगल्याने लांबतात. हे सर्व सावलीत, शेवटचे तर पसरूनच वाळवावे. पांढऱ्या सुती कपड्यांना मात्र उन्हासारखा सोबती नाही. तार साध्या लोखंडाची कधीही घेऊ नये, कारण गंजाचा डाग साबणाने निघत नाही. प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली किंवा स्टेनलेस स्टीलची तार घ्यावी आणि दोन तारांत किमान एक फूट अंतर ठेवावे, म्हणजे मधून वारा खेळतो.

ड्रायरविषयी एक हिशेब देते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे दोन तृतीयांश युनिट वीज लागते. यंत्रात पिळून काढलेल्या सहा किलो सुती कपड्यांत तीन लिटरच्या आसपास पाणी शिल्लक असते, म्हणजे साध्या ड्रायरला दर खेपेस दोन युनिट तर निव्वळ वाफेसाठीच लागतात, आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक. उष्णता पुन्हा वापरणारे हीट पंपाचे ड्रायर निम्म्यात भागवतात, पण त्यांची किंमत बरीच असते. शिवाय ड्रायरच्या जाळीत जो मऊ लगदा साठतो तो आपल्या कपड्यांचाच झिजलेला तंतू असतो. ज्या घरात आजारी माणूस किंवा तान्हे मूल आहे, तिथे पावसाळ्यापुरता ड्रायर घेण्यात गैर काही नाही. वर्षातले आठ महिने कोरडे ऊन असलेल्या शहरात तो सक्तीचा करणे मला पटत नाही.

मूळचा रावपुऱ्याचा, सध्या टोरांटोजवळ

ज्या शोभेसाठी आपल्याला अडवले जात आहे, तिचे मूळ कुठे आहे ते मी इथे राहून पाहिले आहे. उत्तर अमेरिकेत अनेक वसाहतींच्या करारांतच कपड्यांच्या दोरीला बंदी असते, कारण दोरी दिसली की तिथे गरीब लोक राहतात असा समज होतो आणि घरांच्या किमती उतरतात अशी भीती असते. आम्ही नवे असताना मागच्या अंगणात दोरी बांधली, तेव्हा शेजारच्या बाईंनी अतिशय नम्रपणे विचारले होते की तुमचे यंत्र बिघडले आहे का. माझ्या पत्नीने त्याच संध्याकाळी दोरी सोडली, आणि तिचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

पुढे कायद्यानेच ही बंदी मोडीत काढली. आमच्या ओंटारियो प्रांताने 2008 मध्ये वीजबचतीच्या कारणास्तव घरमालकांना दोरी बांधण्याची मुभा दिली. ती बैठ्या आणि ओळीतल्या घरांना आहे, उंच इमारतींना नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फ्लोरिडा राज्याच्या कायद्यात तर सौर संकलक आणि कपडे वाळवण्याची दोरी ही दोन्ही साधने एकाच वाक्यात, नवीकरणीय ऊर्जेवर चालणारी साधने म्हणून नोंदलेली आहेत. ते कायदे तिथले आहेत आणि भायलीत ते लागू होत नाहीत, पण दोरी हे सौरऊर्जेचे साधन आहे ही समजूत आपल्याला सभेत उपयोगी पडेल. आमच्याकडे आता एप्रिल ते ऑक्टोबर दोरी असते. एकदा हौसेने डिसेंबरमध्येही धोतर बाहेर घातले होते. ते आधी फळीसारखे गोठले आणि मग गोठलेल्या अवस्थेतच हळूहळू कोरडे झाले.

मांजलपूरची डॉक्टर

एका गोष्टीकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहिते. अशा नियमांचा सर्वांत जास्त जाच बायकांच्या आतल्या कपड्यांना होतो. मला आईने शिकवले होते की परकर वर आणि त्याच्या आड बाकीचे, आणि पाळीचे कपडे तर न्हाणीघराच्या दारामागे, कोणाच्या नजरेस पडणार नाहीत असे. आज माझ्याकडे त्वचेच्या आणि जंतुसंसर्गाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलींना मी वाळवण्याची जागा आवर्जून विचारते, आणि पलंगाखाली, कपाटामागे, बादलीच्या कडेवर अशी उत्तरे मिळतात. पुन्हा वापरायची कापडी पॅड साबणाने धुऊन उन्हात पूर्ण कोरडी करणे ही सोय नव्हे, ती आरोग्याची किमान अट आहे. ज्या कपड्याला उन्हाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच आपण सर्वांत अंधारात ठेवतो.

पूर्वी आमच्या आजीच्या घरी अगाशीवर उंच बांबू असे आणि सोवळ्याचे धोतर काठीने वर चढवले जाई, म्हणजे कोणाचा हात लागू नये. तेव्हा कपडा दिसण्याची लाज नव्हती, शिवण्याचा विटाळ होता. दिवेलागणीनंतर बाळाची दुपटी बाहेर राहू द्यायची नाहीत, असाही दंडक होता. विटाळ गेला याचा मला आनंद आहे. त्याच्या जागी शोभा येऊन बसली आणि ओझे पुन्हा बायकांवरच आले, याचा खेद वाटतो. आमच्या सोसायटीत बायकांनी मिळून अगाशीच्या एका कोपऱ्यात चार तारा लावल्या आहेत. बाहेरच्या दोन तारांवर चादरी असतात आणि आतल्या दोन तारांवर जे हवे ते. आजवर कोणाचीही तक्रार आली नाही.

समा भागातला रहिवासी

थोडक्यात लिहितो. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी आमच्या तळमजल्यावर शिरले तेव्हा वीज बंद होती, त्यामुळे यंत्र असो वा ड्रायर, कशाचाच उपयोग नव्हता. पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेल्या गाद्यांची खोळ, गोधड्या, शाळेचे गणवेश, सारे अगाशीवरच्या दोऱ्यांवर आणि पाण्याच्या टाक्यांच्या नळांवर पसरले होते. खालून पाहिले तर पूर्ण गल्ली तशीच दिसत होती, आणि त्या दिवशी शोभेचे नाव कोणी काढले नाही.

एक व्यावहारिक सूचना करतो: उत्तरायणाआधी, म्हणजे 12-13 जानेवारीलाच अगाशीवरच्या तारा काढता येतील अशा आकड्यांवर बसवा. पतंगाच्या नादात मागे मागे येणाऱ्या मुलाच्या गळ्याला तार लागू शकते.

भायलीकर, वडोदरा

सर्वांचे मनापासून आभार. रविवारची सभा झाली. सचिवसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे ठिबकणारे पाणी आणि बाहेरचे कंस या दोन तक्रारी मीच आधी मांडल्या, त्यामुळे चर्चा भांडणाकडे गेली नाही. नंतर मी एवढेच विचारले की आपल्या अगाशीवर लिफ्टसाठी सौर पट्ट्या बसवल्या, तेव्हा शोभेचा प्रश्न कोणी उपस्थित केला नव्हता. मग त्याच उन्हावर चालणाऱ्या तारेला हरकत का? यावर बराच वेळ चर्चा झाली आणि काही जणांचे समाधान झालेले नाही. दंडाचे कलम तूर्त स्थगित आहे. पट्ट्यांच्या दक्षिणेला त्यांची सावली पडत नाही, तिथे प्रायोगिक म्हणून सहा तारा लावायचे ठरले आहे. गॅलरीचा निर्णय पावसाळ्याआधीच्या सभेत होईल.

घरी येऊन सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी तार किती उंचीवर बसवणार असे विचारले. त्यांचा हात आता साडेपाच फुटांच्या वर जात नाही. मी उद्या सुताराची टेप घेऊन त्यांच्यासोबतच वर जाणार आहे.