एव्हरेस्टवाल्याचा साहेब आपल्या हिंगणघाटात

ग्रुप: आपलं घर

भाचा दहावीवाला: मामा एक प्रश्न आहे, उद्या शाळेत जीकेची स्पर्धा आहे. एव्हरेस्टले ज्याचं नाव दिलं तो माणूस एव्हरेस्टवर चढला होता का?

ताई नागपूर: नाही रे राजा. पहिले चढले ते तेनझिंग अन् हिलरी, १९५३ मध्ये.

मी: ताईचं बरोबर आहे. जॉर्ज एव्हरेस्ट हा आपल्या देशाचा सर्व्हेअर जनरल, म्हंजे मोजणी खात्याचा मुख्य साहेब होता, १८४३ मध्ये रिटायर झाला. शिखराची उंची निघाली १८५२ मध्ये अन् त्याचं नाव पक्कं झालं १८६५ मध्ये. त्यानं स्वतः तर म्हटलं होतं का माझं नाव नका देऊ, तिथल्या लोकायले ते बोलता येणार नाही. पण बाळा, स्पर्धेत विचारो न विचारो, तू एक गोष्ट ध्यानात ठेव. हा एव्हरेस्ट ज्याच्या हाताखाली तयार झाला तो विल्यम लॅम्बटन आपल्या हिंगणघाटात वारला, २० जानेवारी १८२३ ले. त्याची कबरही हिंगणघाटातच आहे.

आत्या समुद्रपूर: काय सांगतो!! आपलं हिंगणघाट??

मी: हाव आत्या, वणा नदीवालं आपलंच हिंगणघाट. आपण कापूस घेऊन जातो, दवाखान्यात जातो, लग्नाचा बस्ता बांधाले जातो, अन् ज्या माणसानं अख्खा देश मोजाले घेतला तो तिथं झोपून आहे हे घरातल्या एकाही पोराले माहीत नाही याचं मले खरंच वाईट वाटते.

मोठे बाबा: आमच्या लहानपणी म्हातारे लोक सांगत का तिथं कोण्या साहेबाची कबर आहे म्हून. पण साहेब कोण, काय काम करत होता, हे कोनी सांगे नाही. तो इकडं आला कशाले?

मी: मोठे बाबा तो हैदराबादहून नागपूरले चालला होता, कचेरी तिकडं हलवायची होती. वय सत्तरीच्या घरात, छातीचं दुखणं, अन् तेव्हा काही आजच्यासारखा हायवे नव्हता, तंबू, बैल, सामान, माणसं असा सगळा लवाजमा घेऊन चालायचं. रस्त्यातच हिंगणघाटले जीव गेला. काम त्यानं सुरू केलं होतं मद्रासजवळ १८०२ मध्ये, म्हंजे वीस वर्षं तो मोजतच होता. त्याच्या मागून एव्हरेस्टनं सूत्रं हाती घेतली अन् मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. खाली कन्याकुमारीपासून वर मसुरी डेहराडूनपर्यंत, जवळपास २४०० किलोमीटरची एकच सरळ ओळ.

मामेभाऊ पुणे: अरे मग मला जो फॉरवर्ड आला होता तो खराय तर, एव्हरेस्टची उंची हिंगणघाटातून मोजली म्हणून 😮

मी: नाही दादा, ते फॉरवर्ड पुढं पाठवू नको. लॅम्बटन वारला तेव्हा तर त्या शिखराचा पत्ताही नव्हता. उंची मोजली ती मागाहून, बिहारकडच्या मैदानातून, दीडशे किलोमीटरहून जास्त लांबून, कारण नेपाळ त्यायले आत येऊ देत नव्हता. अन् हिशेब केला आपल्या राधानाथ सिकदरनं, बंगाली माणूस, गणितात लय हुशार. उंची जाहीर झाली ती २९,००२ फूट. नेपाळ अन् चीननं सॅटेलाइट लावून मोजून २०२० मध्ये जाहीर केली ती ८,८४८.८६ मीटर. फरक किती, नऊ मीटरच्या आसपास! शिखराच्या जवळही न जाता.

भाचा दहावीवाला: पण मामा जवळ न जाता उंची कशी काढता येईल

मी: बघ, आपल्या वावराच्या धुऱ्याच्या या टोकावर तू उभा राहा, त्या टोकावर मी. मधलं अंतर आपण दोघं नीट मोजून घेऊ. आता नाल्यापलीकडं मारुतीच्या देवळाचा कळस दिसते न. तू तुझ्या जाग्यावरून माझ्याकडं अन् कळसाकडं पाहून मधला कोन मोज, मी माझ्या जाग्यावरून मोजतो. एक बाजू अन् दोन कोन हाती आले का त्रिकोण पक्का, नाला न ओलांडता कळसाचं अंतर निघालं. मग कळसाकडं मान किती वर करा लागते तो कोन घेतला का उंचीही निघते. अन् तुझ्याजवळून कळसापर्यंतची जी बाजू निघाली ती पुढच्या त्रिकोणाचा पाया. असे त्रिकोणाले त्रिकोण जोडत जोडत ते वर गेले. टेकडी, देऊळ, किल्ला, जे उंच दिसन त्याच्यावर चढायचं. लांबच्याले मात्र जमिनीची गोलाई धरा लागते, अन् हवेतून येताना उजेड वाकते तेही, तुझ्या विज्ञानाच्या पुस्तकात अपवर्तन आहे न, तेच.

ताई नागपूर: म्हणजे पहिली बाजू चुकली तर सगळंच चुकलं की

मी: ताई एकदम बरोबर पकडलं तू. म्हून तर पहिली बाजू मोजाले त्यायनं जवळपास दोन महिने लावले. फक्त साडेसात मैल! शंभर फुटाची पोलादी साखळी, ती जमिनीवर टाकायची नाही, तिवईवर लाकडाच्या पेट्या ठेवून त्याच्यात सरळ ताणून धरायची, उन्हानं पोलाद वाढते म्हून वरून सावली करायची अन् बाजूले थर्मामीटर ठेवून किती गरम झाली ते लिहायचं, मग हिशेबात तेवढं कमीजास्त करायचं. असं चारशे वेळा. अन् ती साखळी कुठली तर चीनच्या बादशहाले नजराणा म्हून इंग्रजायनं नेली होती, त्यानं घेतली नाही, ती फिरत फिरत कलकत्त्याले अन् तिथून लॅम्बटनजवळ आली. कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, ते तर अर्ध्या टनाचं होतं. विलायतेहून येताना जहाज फ्रेंचायनं पकडलं, पण यंत्र कशाचं आहे ते कळल्यावर त्यायनं ते मानानं परत पाठवलं. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं अन् चाक वाकलं. म्हातारा तंबूत बसला अन् स्वतःच्या हातानं ठोकून ठोकून ते पुन्हा गोल केलं, दीड महिना लागला.

आत्या समुद्रपूर: 🙏🙏 काय चिकाटी म्हणावं

मामा यवतमाळ: भाचेबुवा तुम्ही सांगता ते ठीक आहे पण इंग्रजाचं एवढं कौतुक काहून? नकाशे काढले ते कोणासाठी, फौज न्यायले अन् सारा वसूल कराले. आपल्या लोकायचं काय भलं झालं त्यात

मी: मामा तुमचं म्हणणं मले पटते, कंपनी सरकारनं पैसा लावला तो स्वतःच्या फायद्यासाठीच. अन् साखळी धरली, झेंडे घेऊन टेकड्यायवर उभे राहिले, यंत्र खांद्यावर वाहलं ते तर आपलेच लोक, जंगलातल्या तापानं कितीतरी मेले त्यात, त्यायची नावं कुठं कोरलेली नाहीत. राधानाथचं नाव तरी किती पुस्तकात आहे सांगा. म्हून तर मी म्हणतो का हे सगळं पोरायले पुरं सांगा, त्या साहेबाचंही अन् साखळी धरणाऱ्यायचंही. नुसतं एव्हरेस्ट पाठ करून काय होते.

मामा यवतमाळ: हे बरोबर बोलला 👍

ताई नागपूर: अरे आपल्या नागपूरचा झिरो माइल पण ह्याचाच का रे? रोज त्याच्या पुढून जाते मी

मी: हाव ताई, त्याच मोठ्या सर्व्हेचं निशाण आहे ते, १९०७ चं. तिथं जो छोटा खांब आहे न त्याच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली आहे. आपण त्या चार घोड्यायजवळ फोटो काढतो अन् येतो. आता जाशील तेव्हा खांबावरचं वाचून फोटो टाक ग्रुपवर, भाच्याले कामात येईन.

ताई नागपूर: उद्या सकाळी ड्यूटीवर जाताना टाकते

मोठे बाबा: मागच्या साली आपल्या धुऱ्याची मोजणी झाली तेव्हा तिपाईवर ते यंत्र लावलं होतं, तेच का रे हे?

मी: त्याचाच नातू समजा मोठे बाबा. आता त्याच्यात लेझर असते, अंतरही तेच सांगते, साखळी ओढा लागत नाही. पण कोन मोजायची रीत तीच.

मोठे बाबा: मग मले ती कबर पाहायची आहे. कधी नेतो?

मी: शनिवारी हिंगणघाटले सरकीची ढेप आणाले जाणारच आहो, पिकअप घेऊन. तुम्ही पुढं बसा. भाचे तू पण ये, शाळा अर्धीच आहे न तुझी.

भाचा दहावीवाला: येतो मामा. स्पर्धेत लॅम्बटन कसा लिहायचा ते एकदा स्पष्ट लिहून टाका

मी: विल्यम लॅम्बटन. राधानाथ सिकदर पण लिहून घे.

आत्या समुद्रपूर: मले जामच्या चौकातून घ्या, मी पण येतो. डबा मी आणतो सगळ्यायचा.