गाडी भाड्याने घ्यायची आहे: शाखा विमानतळावरची, शहरातली की लहान गावातली?

सावली

नमस्कार मंडळी. सुट्टीत स्वतः गाडी चालवत फिरायचा बेत आहे. आम्ही चौघं: मी, नवरा, सासूबाई आणि दहा वर्षांची लेक. घरात दोन पर्यायांवर वाद चालू आहे.

एक, न्यूझीलंडचं दक्षिण बेट. क्राइस्टचर्चला उतरायचं, रेल्वेने डोंगर ओलांडून ग्रेमाउथ गाठायचं, तिथे गाडी घ्यायची आणि हिमनद्या बघत क्वीन्सटाउनला सोडायची. दुसरा, जर्मनी-फ्रान्स सीमेवरचा भाग. फ्रँकफर्टला उतरून फ्रायबुर्ग, ब्लॅक फॉरेस्ट, आल्सास, आणि बाझेलहून परतीचं विमान.

अडचण दोन्हीकडे सारखीच. मोठ्या शहरात गाडी नको आहे, पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस घालवायचा नाही. लहान गावातून घ्यावी तर तिथे शाखा खरंच आहे का, कधी उघडी असते, आणि बुक केलेली गाडी असते का, याचा पत्ता लागत नाही. तुलना करणाऱ्या साइटवर नकाशावर एकाच शहरात एकाच कंपनीच्या तीन-तीन टाचण्या दिसतात आणि तिन्हींचे दर वेगळे. तुम्ही शाखा कशी निवडता? कंपनी सुचवलीत तर कारणासकट सुचवा, प्लीज.

गिअरबदलू

सावली, कंपनी नंतर. आधी शाखा ठरवा. एकाच नावाच्या दोन शाखांमध्ये जेवढा फरक पडतो, तेवढा दोन कंपन्यांमध्ये अनेकदा पडत नाही.

तशाही कंपन्या दिसतात तेवढ्या नाहीत. हर्ट्झ, डॉलर आणि थ्रिफ्टी हे एकच घर. एंटरप्राइज, नॅशनल, अलामो दुसरं. एव्हिस आणि बजेट तिसरं. विमानतळावर कित्येकदा दोन नावांच्या पाट्यांखाली एकच माणूस बसलेला असतो. त्यामुळे ‘सगळ्या साइट बघितल्या, सगळीकडे तेच’ असं वाटतं ते उगीच नाही.

आता तीन टाचण्यांबद्दल. साधारण असं असतं: एक विमानतळावर, एक रेल्वे स्थानकात, एक गावात रस्त्यावर. पहिल्या दोन ठिकाणी जागेचा अधिभार लागतो. जर्मनीत विमानतळाप्रमाणे मोठ्या स्थानकांवरही तो लावतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अमेरिकेत तो बिलावर वेगळा छापलेला दिसतो. विमानतळ एकूण वसुलीच्या दहा टक्के मागतो, कंपनी ते गिऱ्हाइकाकडून काढते, आणि वसूल केलेल्या त्या रकमेवरही दहा टक्के जाणार म्हणून हिशेब ११.११ टक्क्यांवर येतो. हा विचित्र आकडा कुठल्या बिलावर दिसला तर तो कर नाही, विमानतळाचं भाडं आहे.

गावातली तिसरी शाखा स्वस्त असते, पण तिला कामाचे तास असतात. युरोपात लहान गावांत शनिवारी दुपारी शटर खाली, ते थेट सोमवारी सकाळी वर. फ्रान्समध्ये दुपारच्या जेवणालाही बंद.

हे तास शोधायची माझी युक्ती: खोटं बुकिंग. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर (दलालाच्या नाही) तुमची तारीख टाका, शाखा निवडा आणि वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने सरकवत जा. ज्या वेळेला साइट कुरकुरते, ती खरी बंद व्हायची वेळ. मग सोडायची जागा बदलून बघा. लहान शाखा एकतर्फी प्रवासाला नाही म्हणत असेल तर तेही इथेच कळतं. पैसे भरायच्या पानाआधी बाहेर पडायचं.

एकच गोष्ट या युक्तीत सापडत नाही, ती म्हणजे स्थानिक सुट्ट्या. आल्सास आणि शेजारच्या मोझेलमध्ये २६ डिसेंबरला सुट्टी असते, उरलेल्या फ्रान्समध्ये नसते. न्यूझीलंडात प्रत्येक प्रांताचा वर्धापनदिन वेगळ्या तारखेला. त्यासाठी शाखेलाच फोन किंवा मेल करावा. कॉल सेंटरला नको, तिथला माणूस तुम्ही बघताय तोच स्क्रीन बघत असतो.

दीड_शहाणा

मी उलट सांगतो. सासूबाई आणि लेक बरोबर आहेत ना? मग विमानतळावरूनच घ्या आणि मोकळे व्हा.

विमानतळावर गाड्यांचा साठा मोठा. तुमच्या वर्गातली संपली तर वरच्या वर्गातली देतात. गावातल्या शाखेत मागे सहा गाड्या उभ्या असतात, त्यातली एक आधीच्या माणसाने उशिरा आणली की तुम्ही बाकावर बसून. विमान लेट झालं तर विमानतळावरचे लोक थांबतात, फक्त बुकिंगमध्ये फ्लाइट नंबर टाकलेला हवा. तो रकाना ऐच्छिक दिसतो म्हणून लोक सोडून देतात. सोडू नका.

आणि ऑटोमॅटिक! युरोपातल्या लहान शाखांत मॅन्युअलच जास्त. ऑटोमॅटिक हवी असेल तर विमानतळ किंवा मोठं स्थानक, नाहीतर शोधत बसा.

अवांतर: विमानतळावर गाडी भाड्याने मिळणं आपण गृहीत धरतो, पण ही कल्पना रुळली ती १९४६ नंतर. वॉरन एव्हिस यांनी डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर सुरुवात केली. त्याआधी भाड्याच्या गाड्या बहुतेक शहरातल्या गॅरेजमध्ये मिळायच्या आणि उतारू टॅक्सी करून तिथे जायचे.

गिअरबदलू

दीडभाऊ, ऑटोमॅटिकचा मुद्दा मान्य. पण ‘विमानतळ’ हा शब्दही नीट वाचायला लागतो. काउंटर टर्मिनलमध्ये आहे, की शटलने जायचंय, की कोणी नावाची पाटी घेऊन उभा राहणार आहे? तिन्हींना साइटवर ‘विमानतळ’च म्हणतात. स्वस्त दर बहुधा शटलवाल्याचा असतो. रात्री सामान आणि सासूबाईंना घेऊन फुटपाथवर शटलची वाट बघणं हा त्या स्वस्ताईचा भाग.

नकाशावाली

सावलीताई, तुमच्या दुसऱ्या पर्यायात एक खाच आहे, ती आधी सांगते.

बाझेल शहर स्वित्झर्लंडचं, पण त्याचं विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर आहे आणि त्याला दोन बाजू आहेत, स्विस आणि फ्रेंच. बाझेलहून येणारा रस्ता कुंपणातून थेट स्विस बाजूला जातो. गाडीच्या कंपन्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि साइटवर त्या दोन वेगळ्या शाखा म्हणून येतात. फ्रेंच बाजूची गाडी फ्रेंच बाजूलाच परत द्यायची असते. इमारतीच्या आत पायी इकडून तिकडे जाता येतं, गाडीने मात्र मोठा वळसा पडतो. जिनिव्हालाही असाच फ्रेंच विभाग आहे.

फरक पैशांतही पडतो. स्विस बाजूच्या गाडीवर स्वित्झर्लंडच्या महामार्गाचं वार्षिक स्टिकर लावलेलं असतं. फ्रेंच बाजूच्या गाडीवर ते सहसा नसतं. ती गाडी घेऊन स्विस महामार्गावर जायचं असेल तर स्टिकर तुम्हीच घ्यायचं.

पण तुमचा मोठा खर्च हा नाही. जर्मनीत घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली की एकतर्फी शुल्क इतकं लावतात की भाडं बाजूला राहतं. मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं: फ्रँकफर्ट विमानतळाच्या पोटातच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्थानक आहे, तिथून थेट फ्रायबुर्ग, साधारण दोन तास. गाडी फ्रायबुर्गच्या गावातल्या शाखेतून घ्यायची, ब्लॅक फॉरेस्ट आणि आल्सास फिरून तिथेच परत द्यायची. फ्रायबुर्गहून बाझेलच्या विमानतळाला थेट बस आहे, तासाभराची. सीमा ओलांडून आल्सासला जाणार हे गाडी घेतानाच सांगा. बहुतेक कंपन्यांना फ्रान्स चालतो, पण करारावर लिहून घेतलेलं बरं.

लेकीची उंची किती? जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि दीड मीटरपेक्षा बुटक्या मुलांना बूस्टर, म्हणजे उंच करणारी सीट, लागतो. गावातल्या शाखेत तो आधी सांगितल्याशिवाय मिळेलच असं नाही.

आणि हो, यादीत ‘फ्रँकफर्ट हान’ दिसलं तर हुरळून जाऊ नका. ते विमानतळ फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. शहराचं नाव टाइप करून पहिलं येईल ते निवडू नये, तिकिटावरचा तीन अक्षरी कोड टाकावा. सिडनी कॅनडातही आहे, बर्मिंगहॅम अमेरिकेतही आहे, आणि साइटला तुम्ही कुठे उतरणार याच्याशी काही देणंघेणं नसतं.

सावली

नकाशावाली, बस आहे हे माहीतच नव्हतं, धन्यवाद! लेक एक मीटर चाळीसची, म्हणजे बूस्टर आलाच.

घरचं मतदान मात्र न्यूझीलंडकडे झुकतंय. सासूबाईंना ती रेल्वे हवी आहे. ग्रेमाउथबद्दल कुणाला माहिती आहे का? नकाशावर अगदीच छोटं गाव दिसतं, धाकधूक वाटते.

पश्चिम_वारा

ग्रेमाउथला बिनधास्त घ्या. लहान गावातली शाखा कशी असावी याचं ते चांगलं उदाहरण आहे.

ती रेल्वे, म्हणजे ट्रान्झअल्पाइन, क्राइस्टचर्चहून सकाळी निघते, २२३ किलोमीटर, पाचेक तासांचा प्रवास, आणि ग्रेमाउथला संपते. रेल्वेतून उतरणाऱ्यांपैकी कित्येकांना तिथून पुढे हिमनद्यांकडे जायचं असतं. त्यामुळे स्थानकाजवळच गाड्या देणारे आहेत आणि त्यांचा दिवस रेल्वेच्या वेळेवर चालतो. फक्त सगळे एकदम उतरतात आणि एकदम रांग लागते. घरातल्या एकाने सामानाच्या डब्याकडे जावं, दुसऱ्याने लायसन्स आणि कार्ड घेऊन तडक काउंटरकडे. लायसन्स इंग्रजीत असेल तर तिथे चालतं, नसेल तर आंतरराष्ट्रीय परवाना किंवा मान्य भाषांतर बरोबर हवं.

एवढ्यावरून कुठल्याही लहान गावाचा अंदाज येतो. शाखा कशाच्या आधाराने उभी आहे ते बघायचं. रेल्वे किंवा बोटीच्या आधाराने असेल तर ती प्रवाशांसाठीच आहे. उत्तर आणि दक्षिण बेटांमधली फेरी पिक्टनला लागते, तिथेही हेच. काही कंपन्या गाडी बोटीवर चढवू देत नाहीत. वेलिंग्टनला एक सोडायची, पायी बोटीत बसायचं, पिक्टनला दुसरी घ्यायची, बुकिंग एकच. पण शाखा एखाद्या गॅरेजच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आधाराने असेल तर ती मुख्यतः गावकऱ्यांची गाडी दुरुस्तीला गेल्यावर कामाला येते. अशा ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून ‘आम्ही येतोय’ सांगायचं. पाटी मोठ्या कंपनीची असली तरी मालक स्थानिक असू शकतो, आणि मग डिपॉझिटचे, विम्याचे नियम त्याचे.

क्वीन्सटाउनचं विमानतळ फ्रँकटनला आहे, गावापासून आठेक किलोमीटर. गाडी विमानतळावरच सोडा. गावात एक-दोन रात्री राहणार असाल तर पोचल्या दिवशीच सोडून बसने जा-ये करता येते. तिथे पार्किंगचं दुखणं आहेच.

एक रस्ता लक्षात ठेवा: क्वीन्सटाउनजवळची स्किपर्स कॅन्यन. भाड्याच्या गाडीचा विमा तिथे चालत नाही.

आणि ग्रेमाउथ ते क्वीन्सटाउन हास्टच्या खिंडीतून पाचशे किलोमीटरच्या वर आहे. मधे मोबाइलला रेंज नसलेले लांब पट्टे आहेत. गाडीत काही बिघडलं तर फोन कुठे लावायचा हा प्रश्न शाखेतच विचारून घ्या, आणि नंबर कागदावर लिहून घ्या.

दीड_शहाणा

हे दोन बेटांत गाडी बदलायचं प्रकरण भारी आहे. सामान दोनदा उतरवायचं म्हणजे हमाली, पण बोटीवर गाडीचं भाडं वाचतं.

हिशेबी_हेमा

पैशांचं कुणी बोललं नाही म्हणून. डिपॉझिट क्रेडिट कार्डवर ब्लॉक होतं, आणि कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. सावली, चालवणार नवरा आणि कार्ड तुमचं, असं असेल तर काउंटरवर अडेल. कंपनीची मोठी शाखा डेबिट कार्ड चालवून घेईलही, गावातली नाही म्हणेल. शाखेच्या नावाखाली ‘अटी’ म्हणून बारीक दुवा असतो, तो त्या शाखेपुरता असतो. तो वाचा, कंपनीच्या मुख्य पानावरचा नको.

दिवस चोवीस तासांचा मोजतात. दुपारी दोनला घेतली आणि शेवटच्या दिवशी चारला दिली की आणखी एक दिवस लागू शकतो. म्हणून लहान शाखा सकाळी उशिरा उघडत असेल तर नुसतं दर बघून भागत नाही. तुमचे चोवीस तास कुठून सुरू होतात ते बघा.

न्यूझीलंडात एक वेगळा पर्यायही असतो. बहुतेक पर्यटक उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात, गाड्या दक्षिणेत साठतात, आणि त्या परत न्यायला कंपन्या फार कमी पैशांत देतात. पण दिवस अगदी मोजके आणि दिशा उलटी. सासूबाईंना घेऊन घाई करण्यात अर्थ नाही, तुमच्या कामाचं नाही.

सावली

कार्डाचं बरं सांगितलंत, अगदी तसंच होणार होतं. नवऱ्याच्या कार्डावर बुक करतेय. ठरलं: ग्रेमाउथहून घेणार, क्वीन्सटाउन विमानतळावर सोडणार. शेवटची शंका. परतीचं विमान सकाळी लवकरचं आहे आणि तेव्हा काउंटर उघडलेलं नसेल. किल्ली पेटीत टाकून जायचं म्हणतात. ते सुरक्षित आहे का?

गिअरबदलू

चालतं, फक्त बहुतेक करारांत एक ओळ असते: कर्मचारी येऊन गाडी तपासेपर्यंत जबाबदारी तुमची. माझ्या ओळखीत एकाला अशा पेटीत किल्ली टाकल्यावर मागच्या बंपरवरच्या ओरखड्याचं बिल आलं. त्याच्याकडे फोटो होते, ते पाठवल्यावर बिल मागे घेतलं.

तुम्ही जमलं तर आदल्या संध्याकाळी काउंटर उघडं असतानाच गाडी देऊन टाका आणि सकाळी टॅक्सीने या. नाहीच जमलं तर ठरलेल्या रांगेतच लावा. चारी बाजू, चाकं, समोरची काच आणि छप्पर यांचा सलग व्हिडिओ घ्या. मग आत बसून किलोमीटर आणि टाकीचा काटा एकाच फोटोत, इंजिन चालू ठेवून, म्हणजे काटा खरा दिसतो. शेवटी रांगेची पाटी आणि नंबर प्लेट एकत्र. अंधार असेल, टॉर्च लागेल. किल्ली टाकण्याआधी डिकी आणि सीटखाली बघा, टाकल्यावर गाडी उघडत नाही. पेटी कुठे आहे ते ग्रेमाउथलाच विचारून ठेवा, पहाटे पार्किंगमध्ये शोधायला लावू नका स्वतःला.