कोठडीतलं फुटेज घरच्यांना का बघू देत नाहीत?

गोदाकाठ
परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीचं नाव बातम्यांतून मागे पडलंय, म्हणून मुद्दाम धागा काढतोय. 10 डिसेंबर 2024 ला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागलं आणि धरपकड सुरू झाली. कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ त्यात सापडला आणि 15 तारखेला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं. तरीही मुख्यमंत्र्यांनी नागपूर अधिवेशनात सांगितलं की सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, आणि 4 जुलै 2025 ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे काही हाती लागलं नाही.

मला संताप येतो तो या मधल्या साडेसहा महिन्यांचा. साधा गुन्हा नोंदवून घ्यायला एका आईला खंडपीठापर्यंत जावं लागलं! फुटेजमध्ये काय आहे हे सरकार सभागृहात सांगू शकतं, तर ते ठरलेल्या मुदतीत घरच्यांना दाखवण्याचं बंधन का नाही? कोठडीत कुणी दगावलं किंवा जबर जखमी झालं, तर 48 तासांत फुटेज दंडाधिकाऱ्यांकडे जमा व्हावं आणि घरच्यांना ते मिळावं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 7 मध्ये जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहितीला हीच मुदत आहे.

सरळमार्गी
असहमत. दगडफेक, जाळपोळ चालू असताना पोलिसांनी हात बांधून उभं राहायचं का? बदलापूर आठवा. शाळेत लहान मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला अक्षय शिंदे सप्टेंबर 2024 मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा लोकांनी फटाके फोडले. वर्षानुवर्षं तारखा घेत बसण्यापेक्षा लोकांना हे बरं वाटतं. तुम्ही आरोपींची जेवढी काळजी करता तेवढी त्या लहानग्या मुलींच्या आईबापांची करा.

गोदाकाठ
त्या मुलींसाठी माझाही जीव तुटला होता, आणि म्हणूनच मला तो खटला उभा राहायला हवा होता. पुरावा तपासला गेला असता, कुणी कुणी दुर्लक्ष केलं ते उलटतपासणीत निघालं असतं. आरोपीच मेल्यावर त्याच्यावरचा खटला संपतो. तिथेही दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांना जबाबदार धरलं गेलंय. आणि सोमनाथवर तर कुठलाच गुन्हा सिद्ध झाला नव्हता. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन असेच कच्चे कैदी आहेत.

पोलीस लाईन
माझे मिस्टर हवालदार आहेत. सणासुदीला बंदोबस्त, निवडणुकीला बंदोबस्त, रजा मागितली की नाही. कॅमेरा बंद पडला की एसपी ऑफिसला पत्र जातं, ठेकेदाराचा माणूस येईल तेव्हा येईल. चौकशी लागली की सस्पेंड मात्र खालचा माणूस होतो. शिवाय बलात्काराची तक्रार द्यायला आलेली मुलगीही त्याच कॅमेऱ्यात असते. तिचं काय करणार?

वकीलताई
पोलीस लाईन, त्या मुलीचा मुद्दा अगदी खरा आहे, त्याला उत्तर द्यावंच लागेल. चेहरे झाकून, दंडाधिकाऱ्यांसमोर दाखवता येईल.

पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात सगळं सांगून ठेवलंय. लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, स्वच्छतागृहाच्या बाहेर, सगळीकडे कॅमेरे. आवाजासकट, अंधारातही दिसणारे. साठवण 18 महिन्यांची, आणि कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखाची, हवालदाराची नव्हे. कोठडीत मृत्यू झाला आणि तक्रार आली तर मानवी हक्क आयोग फुटेज तातडीने मागवून जपून ठेवू शकतो. पण घरच्यांनी ते किती दिवसांत बघायचं, हे तिथे नाही. माझ्या अशिलांना अर्ज केल्यावर ‘कॅमेरा नादुरुस्त’ हेच उत्तर मिळत आलंय. त्यात 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम 8(1)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम, बदललं. आता ‘वैयक्तिक माहिती’ म्हटलं की नकार द्यायला मोकळीक. जनहित मोठं असेल तर माहिती देता येईल असं सांगणारं कलम 8(2) शिल्लक आहे, पण ते वापरायला बहुतेकदा अपिलात जावं लागतं, आणि तोवर 18 महिने उलटू शकतात.

सरळमार्गी
दंडाधिकाऱ्यांसमोर दाखवा, एवढं मान्य. प्रत हातात देऊ नका. संध्याकाळपर्यंत ती व्हॉट्सॲपवर फिरेल आणि दुसऱ्या गावात दंगल पेटेल. मरतील ते साधे लोक.

पोलीस लाईन
माझी एक मागणी लिहून घ्या. फुटेज साठवणारं यंत्र ठाण्यात ठेवूच नका. थेट जिल्हा न्यायालयात साठवा. म्हणजे ज्याने काही केलं नाही त्याच्यावर ‘पुसून टाकलं’ असा आळ तरी येणार नाही.

गोदाकाठ
पोलीस लाईन, हे माझ्याही मागणीत धरा. पण सरळमार्गी, प्रत का नको? शवविच्छेदनाचा अहवाल घरच्यांना मिळतोच, त्याने गावं पेटत नाहीत. परभणीत लोकांचा संशय वाढला तो अहवालात जखमा आणि सभागृहात ‘मारहाण दिसत नाही’, असं दोन्ही एकदम ऐकायला मिळाल्यामुळे. पहिल्या आठवड्यातच घरच्यांनी आणि त्यांच्या वकिलाने फुटेज पाहिलं असतं, तर काय खरं ते तेव्हाच समोर आलं असतं.